सवलतीचा कागद आणि जमिनींत मुरलेलें पाणी

(१)

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून आमच्या वाचकांपैकीं कांहींस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, कैफियती व ताळेबंद यांच्या वाचनांत ज्यांचे दिवस जातात, त्यांच्यापुढें वाईनच्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न कशासाठीं मांडावा, अशी पृच्छा ते करतील. तिचें उत्तर आरंभींच देणें इष्ट होय. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत लहान वायनऱ्या व लहान अन्नप्रक्रिया-कारखाने आपलें सांडपाणी जमिनीवर सोडतात. त्यांचें नियमन गेल्या पाऊणशें वर्षांत कसकसें होत गेलें, हें सांगणारीं साधनें म्हणजे ठराव, सवलती, त्यांच्या मुदती, त्यांवरील अटी आणि न्यायालयाचे निर्णय. हीं साधनें कालक्रमानें लावून पाहतां आम्हांस असें आढळलें कीं, या प्रकरणांतील वाद जितका पाण्याविषयींचा आहे, तितकाच कागदाविषयींचा आहे. ज्यास बिनशर्त सवलत मिळाली त्याचें दप्तर तयार झालें नाहीं. आणि दप्तर नाहीं म्हणून, जमिनीखालच्या पाण्यांत बिघाड केव्हां व कोणामुळें झाला, हें पुढें सिद्ध करणें दुर्घट झालें. एवढेंच प्रमेय आम्हांस मांडावयाचें आहे.

(२)

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. वायनरींत पाणी मुख्यतः लागतें तें धुण्यासाठीं. द्राक्षें चिरडण्याचीं यंत्रें, रस काढण्याचे दाब, आंबवण्याच्या टाक्या, लांकडी पिंपें, नळ आणि फरशी हीं सर्व वारंवार धुवावीं लागतात. कॅलिफोर्नियांत द्राक्षांचा हंगाम साधारणतः ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, व वर्षाच्या सांडपाण्याचा मोठा वांटा त्या अल्प काळांत एकदम बाहेर पडतो. त्यांत साखर, मद्यार्क, टार्टरिक आम्ल, यीस्टचा गाळ आणि साली-बियांचा अंश असतो. हें पाणी जात्या विषारी नव्हे. परंतु तें कुजतें. कुजवितांना सूक्ष्म जंतु किती प्राणवायु खातात, यावरून सांडपाण्याची तीव्रता मोजण्याची रीत आहे. शहरी मैलापाण्यास दर लिटरामागें दोन-तीनशें मिलिग्रॅम प्राणवायु लागतो असें धरिलें, तर हंगामांतील वायनरीच्या पाण्यास कांहीं हजार मिलिग्रॅम लागतो. फळें व टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यांची गोष्ट याच जातीची आहे. ऑलिव्ह मुरविणारे आणि चीज करणारे यांच्या पाण्यांत मिठाची भर पडते. टाक्या स्वच्छ करण्यास कॉस्टिक सोडा वापरला म्हणजे त्यांतील सोडियमही धुवणाबरोबर बाहेर जातो.

असा लहान कारखाना बहुधा मळ्यांतच असतो. शहराचें गटार त्याच्या दारापर्यंत आलेलें नसतें. नदीनाल्यांत पाणी सोडावें, तर तेथें कायद्याचा पहारा कडक. राहतां राहिली जमीन. द्राक्षमळ्यांत किंवा गवताच्या कुरणांत तें पाणी फिरवावें, जमिनीनें तें प्यावें व पिकानें त्याचा उपयोग करावा, हा मार्ग स्वस्त तसाच दिसण्यांत निर्मळ. मर्यादेंत ठेविल्यास तो खरोखरच चांगलाही आहे. अडचण उत्पन्न होते ती मर्यादा सुटल्यावर. आणि ती जमिनीखालीं उत्पन्न होत असल्यामुळें वर कोणास दिसत नाहीं.

(३)

जमीन सांडपाण्यास शुद्ध करते, हा समज पुरातन आहे; परंतु तिच्या या सामर्थ्यास मर्यादा आहेत, हें मोजून दाखविण्याचा मान एकोणिसाव्या शतकाकडे जातो. इंग्लंडांत १८६८ सालीं नद्यांच्या प्रदूषणाच्या चौकशीसाठीं दुसरें राजकीय कमिशन नेमलें गेलें. त्याचे एक सभासद रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड हे होते. त्यांनीं निरनिराळ्या माती व वाळू यांनीं भरलेल्या उंच नळ्यांतून लंडनचें मैलापाणी गाळून पाहिलें. पाणी खंड पाडून, मधून मधून विश्रांति देऊन सोडलें, तर तें स्वच्छ होऊन उतरतें. सतत सोडलें, तर माती निकामी होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच तत्त्वावर १८७१ सालीं वेल्समधील मर्थिर टिडफिल येथें बेली डेंटन यांनीं जमीन तयार करविली. हें शुद्धीकरण केवळ रासायनिक नसून सजीव जंतूंचें कार्य आहे, हें मात्र १८७७ सालीं श्लेसिंग व म्यूंत्झ या फ्रेंच संशोधकांनीं दाखविलें. वाळूंतून पाझरणाऱ्या मैलापाण्यावर त्यांनीं क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. तत्काळ नायट्रेट होण्याचें थांबलें. अर्थात् काम करणारी माती नसून तींत वसणारे जंतु आहेत, आणि त्यांस श्वासाची व विसाव्याची गरज आहे, असें ठरलें.

कायद्याचा इतिहासही तेथूनच पाहिला पाहिजे. इंग्लंडचा नदीप्रदूषण-प्रतिबंधाचा कायदा १८७६ सालीं झाला. त्यांत कारखान्यांविरुद्ध फिर्याद करण्यास लोकल गव्हर्नमेंट बोर्डाची संमति लागे, आणि ती देतांना त्या भागांतील उद्योगधंद्याच्या हिताचा विचार करावा, असें कायद्यांतच घातलें होतें. म्हणजे बंदी व सूट या जुळ्या बहिणी एकाच कागदावर जन्मल्या. पुढें १८९८ सालीं नेमलेल्या मैलापाणी-कमिशनानें १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालांत प्रमाण घालून दिलें: नदींत सोडावयाच्या पाण्यानें पांच दिवसांत एक लक्ष भागांस दोन भागांहून अधिक प्राणवायु खाऊं नये. हेंच माप पुढें जगभर रूढ झालें. तथापि तें माप नदीचें होतें. नदीची मासळी मेली तर काठचा मनुष्य ओरडतो. जमिनीखालच्या पाण्यास ओरडणारा कोणी नव्हता.

(४)

आतां कॅलिफोर्नियाकडे वळूं. अमेरिकेंतील दारूबंदी १९३३ सालीं उठली. त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या मध्य दरींत मद्यार्क मिसळलेल्या गोड वाइनचा धंदा वाढला. तो मद्यार्क द्राक्षांपासूनच काढीत. त्यामुळें वायनरीस जोडून भट्ट्या आल्या, आणि भट्टींतून उरणारें तपकिरी, दुर्गंधी पाणी आलें. आपल्याकडील साखरपट्ट्यांत ज्यास स्पेंटवॉश म्हणतात, त्याच जातीचें तें होय. त्याची विल्हेवाट लावण्यासाठीं वाईन इन्स्टिट्यूट या धंद्याच्या संस्थेनें अहवाल करविला, व तो कोस्ट लॅबोरेटरीज यांनीं १९४७ सालीं दिला. खंडित सिंचनानें हें पाणी जमिनीवर कसें द्यावें, हा त्याचा विषय. फ्रँकलंडच्या नळींतील धडाच येथें द्राक्षांच्या प्रदेशांत पुन्हां गिरविलेला आढळतो. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, प्रथम कागद केला तो धंद्यानें. सरकारचा कायदा दोन वर्षांनीं आला.

तो कायदा म्हणजे १९४९ चा डिकी कायदा. त्यानें राज्याचें एक जलप्रदूषण-नियंत्रण मंडळ व त्याखालीं नऊ प्रादेशिक मंडळें स्थापिलीं. प्रदेशांच्या सीमा जिल्ह्यांवरून न आंखतां पाणलोटांवरून आंखल्या, हें त्या कायद्याचें मोठेंच शहाणपण होय. पांचवा प्रदेश मध्य दरीचा. साक्रामेंटो, सॅन व्होकिन व तुलारी या खोऱ्यांचा तो विस्तीर्ण मुलूख; यांतच लोडायचे द्राक्षमळे, सिएरा पर्वताच्या पायथ्याच्या लहान वायनऱ्या, टोमॅटोचे व फळांचे कारखाने आणि दुधाचा मोठा धंदा येतो. आमच्या लेखाचें मुख्य क्षेत्र हेंच आहे.

१९६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत राज्यमंडळानें ६८-१६ क्रमांकाचा एक लहानसा ठराव केला. त्याचा आशय असा कीं, जें पाणी ठरविलेल्या प्रमाणाहून चांगलें आहे, तें तसेंच चांगलें राखावें. राज्यांतील जनतेच्या अधिकांत अधिक हितासाठीं आवश्यक असल्याचें दाखविल्याखेरीज तें बिघडूं देऊं नये. ठराव झाला त्या वेळीं त्याचें पुढील महत्त्व फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असेल. त्याकडे आपण पुढें परत येणार आहों.

दुसऱ्याच वर्षीं, १९६९ सालीं, पोर्टर-कोलोन कायदा झाला व १९७० च्या आरंभापासून अंमलांत आला. जमिनीखालचें पाणी हेंही राज्याच्या पाण्यांतच मोडतें, हें त्यानें स्पष्ट केलें. ज्याच्या सांडपाण्यानें राज्याच्या पाण्याच्या गुणावर परिणाम होऊं शकेल, त्यानें आधीं निवेदन द्यावें व मंडळानें त्यास विसर्गाच्या अटी घालून द्याव्या, अशी त्याची योजना. आणखी एक कलम आमच्या वाचकांस विशेष रुचेल. पाणी सोडणें हा कोणाचा हक्क नव्हे, ती सवलत आहे; वर्षानुवर्षें सोडीत आल्यानेंही त्यापासून कायमचा हक्क उत्पन्न होत नाहीं, असें कायदा म्हणतो. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर विसर्ग हें वतन नव्हे, तो सरंजाम होय. सरकारच्या इच्छेनें तो चालतो व सरकारच्या इच्छेनें थांबतो. त्याचबरोबर पाणी कोणत्या यंत्रानें वा कोणत्या रीतीनें शुद्ध करावें, हें मंडळानें सांगूं नये. परिणाम काय हवा तेवढें सांगावें, असाही निर्बंध कायद्यानें मंडळावर घातला. १९७२ चा केंद्रीय स्वच्छजल-कायदा मुख्यतः नद्या-सरोवरांकडे पाहणारा असल्यामुळें जमिनीवरील विसर्गाचा भार राज्याच्या याच कायद्यावर राहिला.

(५)

परंतु मध्य दरींतील लहान-मोठे विसर्ग असंख्य, आणि मंडळाचे कारकून मोजके. प्रत्येकास स्वतंत्र अटींचा कागद लिहून देणें अशक्य होतें. कायद्यांत यासाठीं एक वाट ठेविली होती. लोकहितास बाध येत नसेल तर मंडळानें निवेदनाची वा अटींची माफी द्यावी, असें एक कलम होतें. त्याचा आधार घेऊन मध्य दरीच्या मंडळानें १९८२ सालीं एका ठरावानें तेवीस प्रकारच्या विसर्गांस सरसकट सवलत दिली. शेतांतून परत येणारें पाटाचें पाणी त्यांत होतें, आणि जमिनीवर पसरलेलें अन्नप्रक्रियेचें सांडपाणीही होतें.

येथें आम्ही थोडें थांबतों. या सवलतीचा दोष द्यावयाचा तर ती दिली यास देतां येत नाहीं. दहा-वीस पिंपें वाईन करणाऱ्या कुटुंबावर निरीक्षण-विहिरी खणण्याचा व रसायनज्ञ नेमण्याचा खर्च लादणें म्हणजे त्यास धंद्यांतून उठविणें होय. दोष याहून निराळा आहे. सवलत मिळालेल्या माणसास बहुधा कांहीं लिहून ठेवण्याचें, मोजण्याचें अथवा कळविण्याचें कारण उरलें नाहीं. किती पाणी सोडलें, कोणत्या शेतांत, किती दिवसांच्या विश्रांतीनें, त्यांत मीठ किती व नत्र किती, याची नोंद ज्याची त्याच्या स्मरणांत. आपल्या इतिहासांत माफीच्या सनदेमुळें गांवच्या जमाबंदींतून शेत वगळलें जाई. पण निदान त्या सनदेची नक्कल दप्तरांत राही, व शेताचें नांव, बिघे आणि धारकाचें नांव कळे. तेवीस प्रकारांच्या या सवलतींत धारकाचें नांवही आवश्यक नव्हतें.

आणि या काळांत जमीन काय करीत होती? साखर व मद्यार्क जंतूंनीं खाल्लीं हें खरें. परंतु एका एकरावर फार पाणी फार दिवस ओतलें म्हणजे मातींतील प्राणवायु संपतो. मग जंतु नायट्रेटांतील प्राणवायु ओढून घेतात, व तोही सरला म्हणजे मातींतील मँगनीज व लोह यांच्या गंजाकडे वळतात. त्यायोगें लोह व मँगनीज विरघळून खालीं उतरतात. गंजास चिकटून बसलेलें आर्सेनिक असलें तर तेंही मोकळें होतें. म्हणजे कारखान्याच्या पाण्यांत जें नव्हतें, तें जमिनीनें स्वतःच्या पोटांतून काढून दिलें. नत्राचा जो अंश पिकानें उचलला नाहीं तो नायट्रेट होऊन झिरपतो. दर लिटरास दहा मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट-नत्र पिण्याच्या पाण्यांत असलें तर तान्ह्या मुलांच्या रक्तास तें घातक ठरतें. आणि सोडियम व इतर क्षार तर कोणताच जंतु खात नाहीं. साखर जळते, मीठ उरतें. मध्य दरीच्या दक्षिण भागांतून समुद्राकडे पाण्याची नैसर्गिक वाट फारशी नाहीं. त्यामुळें उरलेलें मीठ तेथेंच सांचत जातें. तेथील खेड्यांतील पुष्कळ घरें आजही स्वतःच्या विहिरीवर अवलंबून आहेत. सांडपाणी सोडणारा एक, खत घालणारा दुसरा, गुरें बांधणारा तिसरा; विहीर मात्र चौथ्याची.

(६)

या सरसकट सवलतीस १९९९ च्या कायद्यानें शह दिला. राज्याच्या विधिमंडळानें सवलतीच्या कलमांत दुरुस्ती केली, ती अशी: आजवरच्या सर्व सवलती, नव्यानें दिल्या न गेल्यास, १ जानेवारी २००३ रोजीं आपोआप संपुष्टांत येतील; यापुढें कोणतीही सवलत पांच वर्षांहून अधिक मुदतीची असणार नाहीं; ती सशर्तच असेल; आणि ती केव्हांही काढून घेतां येईल. २००३ च्या आणखी एका दुरुस्तीनें सवलतीबरोबर पाहणीची अटही जोडली गेली.

इनाम कमिशनाचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या तरतुदीची ओळख लागलीच पटेल. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांतील इनामदारांस सनदा पुढें करावयास लाविलें, व ज्यांस कागद दाखवितां आला नाहीं त्यांचीं इनामें खालसा झालीं. साम्य इतकेंच कीं, दोहोंकडे जुनी चाल हा पुरावा मानला गेला नाहीं. कागद मागितला गेला. भेद मात्र मोठा आहे. इनाम कमिशनाचा हेतु सरकारी वसूल वाढविण्याचा होता, व त्याचा भार ज्यांनीं कागद वाळवीच्या तोंडीं गमावले त्यांच्यावर पडला. येथें मागील पिढीच्या कागदाची मागणी नव्हती. आजपासून कागद ठेवा, एवढीच होती.

त्याप्रमाणें २००३ सालीं मध्य दरीच्या मंडळानें वायनऱ्यांसह लहान अन्नप्रक्रिया-कारखान्यांसाठीं स्वतंत्र सशर्त सवलत काढली. २००९ व २०१५ सालीं ती नव्यानें दिली. प्रत्येक नवा ठराव मागच्यापुढें ठेवून वाचला म्हणजे एका राज्यांतील ताकीदपत्रांची माळ वाचीत आहों असें वाटतें. कारखान्यानें स्वतःची नोंद करावी, जमिनीवर पाणी तुंबूं देऊं नये, दुर्गंधी सुटूं देऊं नये, विहिरींपासून व नाल्यांपासून अंतर ठेवावें, पावसांत पाणी देऊं नये, आणि काय सोडलें तें कळवावें, असा या अटींचा रोख आहे. अटी अंगावर येणाऱ्या नाहींत. परंतु १९८२ च्या व या ठरावांमधील अंतर फार मोठें आहे. पहिल्या ठरावानें लहान माणसास दप्तराबाहेर ठेविलें; दुसऱ्यानें त्याचें नांव दप्तरांत घालून मग त्यास सूट दिली.

याच सुमारास मोठ्या कारखान्यांकडूनही प्रकरण तापलें. २००५ सालीं मध्य दरींतील एका मोठ्या चीज-कारखान्यास, जमिनीवर सोडलेल्या पाण्यांतील क्षाराविषयीं, चाळीस लाख डॉलर दंडाची नोटीस निघाली व २००६ सालीं ती तडजोडीनें मिटली. २००७ सालीं अन्नप्रक्रिया करणाऱ्यांच्या संघानें जमिनीवर पाणी देण्याच्या चांगल्या रीतीची पुस्तिका काढली. मंडळाच्या अनेक हुकुमांत दर एकरीं दररोज शंभर पौंड प्राणवायु-मागणी ही मर्यादा वारंवार आढळते. येथें माप बदललें आहे, हें ध्यानांत घ्यावें. १९१२ चें प्रमाण पाण्याच्या तीव्रतेचें होतें. हें प्रमाण जमिनीवरील ओझ्याचें आहे. विरळ पाणीही फार ओतलें तर जमीन गुदमरते, हें फ्रँकलंडचें म्हणणें अखेर हुकुमाच्या आंकड्यांत उतरलें.

(७)

आतां १९६८ च्या त्या लहानशा ठरावाकडे येऊं. मध्य दरीच्या मंडळानें २००७ सालीं दुधाच्या गोठ्यांसाठीं एक सामान्य हुकूम काढला होता. त्याविरुद्ध सॅन व्होकिन दरींतील विहिरीचें पाणी पिणाऱ्या खेडुतांच्या संघानें एका पर्यावरणवादी संस्थेसह न्यायालयांत दाद मागितली. २०१२ च्या नोव्हेंबरांत राज्याच्या अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. पाण्याचा बिघाड होतो कीं नाहीं हें ठरवितांना तुलना आजच्या पाण्याशीं करावयाची नाहीं. १९६८ पासून आजवर त्या पाण्याची जी सर्वोत्तम स्थिति असेल तिच्याशीं करावयाची, असें न्यायालयानें सांगितलें. मंडळाची पाहणीची पद्धत बिघाड ओळखण्यास अपुरी आहे, असेंही म्हटलें. निकाल गोठ्यांविषयींचा असला, तरी तत्त्व जमिनीवर सोडलेल्या सर्व सांडपाण्यास लागू होतें.

पुराणवस्तु व हस्तलिखितें जमविणाऱ्यांनीं या निर्णयाचा अर्थ नीट पाहावा. १९६८ च्या सुमारास एखाद्या शेतकऱ्यानें विहिरीचें पाणी तपासून घेतलें असेल; तो मळकट कागद एखाद्या ट्रंकेंत किंवा प्रयोगशाळेच्या जुन्या वहींत पडून असेल. काल त्याची किंमत रद्दीची होती. या निर्णयानें तो पुरावा ठरला. एका विहिरीचें पाणी पन्नास वर्षांपूर्वीं गोड होतें हें ज्यास दाखवितां येईल, त्याच्या हातीं त्या विहिरीचा महजर आला. ज्यास दाखवितां येणार नाहीं, त्याच्या पाण्याची सर्वोत्तम स्थिति कोणती, हें ठरवावयाचें कशानें? सवलतींच्या काळांत नोंदी झाल्या नाहींत याची खरी झळ येथें लागते. आणि ती नोंद न ठेवणाऱ्यास लागत नसून पाणी पिणाऱ्यास लागते. त्याच वर्षीं, २०१२ सालीं, सुरक्षित, स्वच्छ व परवडणारें पाणी हा प्रत्येक मनुष्याचा हक्क आहे असें राज्याच्या कायद्यांत लिहिलें गेलें, ही गोष्ट येथें नमूद करणें उचित होय. पुढें क्षार व नायट्रेट यांविषयींची मध्य दरीची नवी योजना २०२० च्या जानेवारींत अंमलांत आली. तीमध्यें, नायट्रेट सोडणाऱ्यांनीं बिघडलेल्या विहिरींच्या धन्यांस तूर्त पिण्याचें चांगलें पाणी पुरवावें, असा भाग आहे.

वायनऱ्यांच्या प्रकरणांतील शेवटचा मोठा कागद २० जानेवारी २०२१ चा. त्या दिवशीं राज्यमंडळानें साऱ्या कॅलिफोर्नियासाठीं वायनरीच्या पाण्याविषयीं एकच सामान्य हुकूम मंजूर केला. तोंवर प्रत्येक प्रदेशाची रीत निराळी होती. वर्षाकांठीं दहा हजार गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारें ३८ हजार लिटरपर्यंत, पाणी सोडणारास त्यानें या हुकुमाबाहेर ठेविलें. त्यावर तीस हजार, तीन लाख, दहा लाख आणि दीड कोट गॅलन अशा चढत्या मर्यादांच्या चार पायऱ्या केल्या, व पायरीप्रमाणें पाहणीचें आणि कागदपत्राचें ओझें वाढत नेलें. लहान म्हणजे कोण, या प्रश्नास अखेर आंकड्यानें उत्तर मिळालें. हें उत्तर सर्वांस मान्य होईल असें नाहीं. परंतु ज्याचें ओझें जितकें, त्याचा कागद तितका, हें तत्त्व आम्हांस न्याय्य वाटतें.

(८)

या इतिहासाचा महाराष्ट्राशीं संबंध काय, असें विचारल्यास उत्तर जवळच आहे. पोर्टर-कोलोन कायदा झाला त्याच १९६९ सालीं महाराष्ट्रानें आपला जलप्रदूषण-प्रतिबंधक कायदा केला, व त्याखालीं ७ सप्टेंबर १९७० रोजीं राज्याचें मंडळ स्थापन झालें. केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे आपला कागद त्याहून जुना आहे. देशांत सध्यां लागू असलेल्या सामान्य प्रमाणांत, नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यास प्राणवायु-मागणीची मर्यादा दर लिटरास ३० मिलिग्रॅमची व सिंचनासाठीं जमिनीवर द्यावयाच्या पाण्यास १०० ची आहे. जमीन अधिक सोसते, हा जुनाच विश्वास या दोन आंकड्यांत दिसतो. परंतु हे दोन्ही आंकडे पाण्याच्या तीव्रतेचे आहेत. एका एकरावर रोज किती ओतावें, हें ते सांगत नाहींत.

२००१ सालीं राज्यानें द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें धोरण जाहीर केलें. नाशिक जिल्ह्यांत विंचूर येथें व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन-उद्यानें निघालीं, आणि त्यानंतर नाशिकच्या परिसरांत अनेक लहान वायनऱ्या उभ्या राहिल्या. आमच्याकडे हंगाम उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, व जमिनीखालीं काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून पाणी कोठून कोठें जाईल, हें वरून सांगतां येत नाहीं. म्हणून मध्य दरीचे आंकडे जसेच्या तसे येथें आणणें शहाणपणाचें होणार नाहीं. तेथील चूक मात्र टाळतां येईल. ती चूक अशी कीं, लहान म्हणून सोडून देतांना त्याची नोंद घेण्याचेंही सोडून दिलें.

हें काम केवळ सरकारचें आहे असें आम्ही मानीत नाहीं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून राज्यांत काम करीत आहे व तिच्या निरीक्षण-विहिरींच्या नोंदी आहेत. परंतु त्यांखेरीज कितीतरी कागद खाजगी घरांत असतील: द्राक्षबागाइतदारांनीं करविलेल्या पाणी-तपासण्यांचे दाखले, जुन्या सहकारी संस्थांच्या प्रयोगशाळेच्या वह्या, विहिरी खणतांना केलेल्या टिपणी, वायनऱ्यांचीं पहिल्या हंगामांचीं रोजकीर्दीचीं पुस्तकें. त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, मोडी अक्षर नाहीं, म्हणून ते आमच्या संग्रहांत येत नाहींत. घर आवरतांना प्रथम जाळले जातात ते हेच. आमची वाचकांस विनंति आहे कीं, नाशिक, निफाड, दिंडोरी, नारायणगांव, पलूस, तासगांव या बाजूंस साधनांच्या शोधार्थ फिरत असतां असा कागद दृष्टीस पडल्यास तो टाकूं देऊं नये. त्यावर विहिरीचें ठिकाण, तारीख व तपासणाऱ्याचें नांव हीं तीन आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि त्याची नक्कल संशोधन-मंडळाकडे धाडावी. एका कोठडींत अशा दाखल्यांचें स्वतंत्र दप्तर बांधून ठेवणें मंडळांस अवघड नाहीं.

गांवच्या सीमेचा तंटा शंभर वर्षांनीं उठला म्हणजे महजरांत कोणाची साक्ष आहे तें आपण शोधतों. पाण्याचा तंटा उठेल तेव्हां पुढील पिढी तोच प्रश्न विचारील. त्या वेळीं तिच्या हातीं निदान एक कागद असावा.